भोपाळला न गेलेली कुत्री

मोटार चालवायला मी शिकले ती वडिलांना येईना म्हणून. ग्वाल्हेरच्या एका सरदारांनी आपल्याकडच्या गाड्या काढून टाकायला घेतल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत जुनी, कापडी टपाची, हँडल मारून सुरू होणारी गाडी वडिलांनी घरी आणली. मोती महालातल्या सचिवालयात हेडक्लार्क म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि मोटार दिसली की बाजूला होऊन नमस्कार करायची त्यांना सवय लागली होती. निवृत्त झाल्यावर एकदा आपण आत बसून बघावं, एवढीच त्यांची इच्छा. पहिल्याच दिवशी त्यांनी ती दौलतगंजातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जनावरांच्या पाण्याच्या हौदावर नेऊन घातली. हौदावर एक म्हैस पाणी पीत होती. म्हशीला काही झालं नाही, पण तिनं मान वर करून वडिलांकडे जे बघितलं ते त्यांना सोसलं नाही. ते खाली उतरले, हँडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुझं वय आहे शिकायचं."

मी बी.ए. होऊन घरीच होते. सरदारांच्या जुन्या ड्रायव्हरनं फुलबागेच्या रस्त्यावर मला गाडी शिकवली. पातळाचा पदर खोचून मोटार चालवणारी मुलगी म्हणून आधी लोक थांबून बघत. मग सरावले.

आई मी लहान असतानाच गेली होती. घर चालवायची ती आत्या, वडिलांची थोरली बहीण. ती मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. शाळेतून निवृत्त झाली तरी घरात तिची शाळा चालूच होती आणि त्या शाळेत वडील आणि मी असे दोन विद्यार्थी होतो. ती सोवळ्याओवळ्याची कडक. कुत्रा नुसता चाटून गेला तरी डोक्यावरून आंघोळ, आणि ग्वाल्हेरच्या थंडीतसुद्धा ती आंघोळ टळत नसे. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा उद्योग तिचाच.

मी गाडी शिकले त्याच हिवाळ्यात आमचं राज्य बदललं. दरबार जाऊन मध्यभारत झाला होता, त्याला आम्ही नुकते कुठे सरावलो होतो. तोवर मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला निघाली. राजधानी जाते म्हणजे नेमकं काय जातं ते बघायला लोक स्टेशनवर जात. कपाटं जात होती, फायलींचे गठ्ठे जात होते, साहेब जात होते, बाबू जात होते. त्यांच्या बायका पोळपाट-लाटणं हातातच धरून डब्यात चढत, कारण ते सामानात गेलं तर तिथं पहिल्या दिवशी पोळ्या कशावर लाटणार. शहरात रोज कुणाकडे तरी निरोपाचं जेवण असे. वडील प्रत्येक जेवणाला जात. परत येताना आपण वेळेवर निवृत्त झालो म्हणून खूश असत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या सचिवालयावरून चक्कर मारून आले की गप्प बसत.

आत्याची एक जुनी मैत्रीण थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरांत राहायची. तिच्या यजमानांचीही बदली झाली होती. तिला वाटेत खायला म्हणून आत्या लाडवांचा डबा घेऊन टांग्यानं गेली. पण ती मंडळी आदल्याच दिवशी निघून गेली होती. दाराला कुलूप होतं आणि दारात पायपुसण्यावर त्यांचा कुत्रा बसला होता, तोंड दाराकडे करून. आत्यानं ओळीतली पुढची घरं बघितली. तिथंही कुलूप आणि तिथंही कुत्रा. ती त्या टोकापासून या टोकापर्यंत हिंडली आणि रिकामा डबा घेऊन घरी आली. लाडवांचं काय केलं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आधी ती न्हाऊन आली. मग ओले केस शेगडीपाशी वाळवत वडिलांना म्हणाली, "सरकारनं माणसांना ऑर्डर दिली. खुर्च्यांनासुद्धा नंबर घालून ऑर्डर दिली. कुत्र्यांना कुणी काही सांगितलंच नाही. ती तिथंच बसली आहेत."

वडिलांनी सरकारची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. भोपाळला सध्या एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं कोंबली आहेत, जागा मिळाली की लोक येऊन आपापली कुत्री नेतील, असं ते म्हणाले. तोवर ती खातील काय, असं आत्यानं विचारलं. वडील शेगडीतले निखारे हलवू लागले. तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि गाडीत पेट्रोल आहे का ते विचारलं.

अशी आमची कामगिरी सुरू झाली. आत्यानं एक गोष्ट पहिल्यापासून ठरवून टाकली होती. कुत्रं नुसतं कुणाच्या तरी गळ्यात मारायचं नाही, नीट घर बघून द्यायचं. शाळेत असताना तिनं कितीतरी विद्यार्थिनींची लग्नं जुळवून दिली होती. तीच पद्धत तिनं इथं चालवली. ती त्याला 'स्थळ' असंच म्हणायची. मुरारला एक स्थळ आहे, सासू जरा तापट आहे पण अंगण मोठं आहे. बाड्याच्या चौकाजवळ एक स्थळ आहे, माणसं चांगली आहेत पण दिवसभर घरी कुणी नसतं, तेव्हा नको. लोकांच्या ओसरीवर बसून ती विचारपूस करायची: घरात माणसं किती, आरडाओरडा करणारं कोण, खरकटं कुठं टाकता. लग्नाच्या मुलीसाठी चौकशी चालली आहे असं समजून काही जण फार तयारीनं उत्तरं देत. मग कुत्र्यासाठी आहे हे कळलं की थोडे नाराज होत, पण तोवर त्यांनी आपल्या घराची इतकी स्तुती केलेली असे की नाही म्हणायची सोय उरत नसे.

गाडीत मागच्या सीटवर पोतं अंथरलेलं असे, त्यावर कुत्रा. पुढे मी आणि माझ्या शेजारी आत्या. आमच्या आणि कुत्र्याच्या मधे सरहद्द म्हणून तिनं मिटलेली छत्री आडवी धरलेली. बहुतेक कुत्री रेल्वेच्या पुलाच्या चढावर ओकत. जी ओकत नसत ती भोंगा वाजला की गळा काढत. भोंगा न वाजवावा तर टांगे बाजूला होत नसत, आणि वाजवला की मागून असा सूर लागे की टांग्यांची घोडी बुजत. बाड्यावरून जाताना दुकानांतून माणसं बाहेर येत. सर्कस कुठं उतरली आहे, असं एकानं आत्याला अगदी आदरानं विचारलं होतं.

स्थळ मिळेपर्यंत कुत्र्यांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. आमच्या घरी शक्यच नव्हतं. वडिलांना तेव्हा कंपूतले, म्हणजे जुन्या छावणीच्या भागातले, रिसालदार आठवले. ग्वाल्हेरच्या संस्थानी फौजेत ते घोडदळात होते. संस्थान विलीन झालं तशी फौजही देशाच्या फौजेत गेली, आणि जी माणसं घरी पाठवली त्यांत हे होते. घोडा गेला होता. घरामागचा तबेला राहिला होता. आत्या तबेला मागायला गेली तेव्हा ते ताठ उभं राहून म्हणाले, "बाईसाहेब, जागा तयार आहे. मी रोज झाडून घेतो." रिकामा तबेला रोज कशासाठी झाडायचा, हे विचारावंसं मला वाटलं. आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी हँडल मारायला बाहेर गेले.

रिसालदारांनी कुत्र्यांना लगेच शिस्तीत घेतलं. लहान होती ती रंगरूट, मोठ्यांना हुद्दे. जेवण शिट्टीवर. एकच भानगड झाली. थाटीपूरची बरीच कुत्री ब्राह्मण बाबूंच्या घरची, वरणभातावर वाढलेली, आणि रिसालदारांकडे आठवड्यातून दोनदा मटण. आत्याच्या मैत्रिणीच्या कुत्र्याला पहिलं हाड मिळालं तेव्हा त्यानं ते हुंगलं, एका बाजूला ठेवलं आणि भाताची वाट बघत बसला. पुढच्या आठवड्यात मात्र तो शिट्टीच्या आधीच हजर असायला लागला. आत्याला हे कळलं तेव्हा चांगल्या घरचा कुत्रा बिघडवलात, असं तिनं रिसालदारांना ऐकवलं. ते म्हणाले की बिघडला की नाही ते मला कळत नाही, त्याच्या बरगड्या दिसत होत्या त्या आता दिसत नाहीत. आत्यानं कुत्र्याच्या बरगड्या लांबूनच पाहिल्या आणि विषय सोडला.

सगळ्यांत गंमत झाली ती किला गेटच्या स्थळाची. तिथं कचोरीचं दुकान असलेले एक लालाजी आणि त्यांची बायको राहत. दोघंही हिंदीभाषी, घर प्रेमळ. त्यांना आम्ही एक तपकिरी कुत्रा दिला. त्याला नेतानाच एक घोटाळा झाला होता. तो मागच्या सीटवर पाय रोवून उभा होता, बसेना. आम्हा ग्वाल्हेरच्या मुलांचं मराठी निम्म्या वाटेवर हिंदीत उतरतं. मी वळून म्हणाले, "आत्या, ये तो मानतच नाहीये." इतकं ऐकताच त्यानं छत्रीवरून उडी मारली आणि थेट आत्याच्या मांडीवर येऊन उभा राहिला. त्या दिवशी आत्याला दोन आंघोळी झाल्या, एक घरी गेल्यावर आणि दुसरी वाटेत मनातल्या मनात. कुत्रा का उडाला ते आम्हाला कळलं नाही.

पुढे काही दिवसांनी लालाजींचा निरोप आला की एकदा येऊन बघून जा, कुत्रा एकतर फार ज्ञानी आहे नाहीतर वेडा आहे. आम्ही गेलो. लालाजी जेवायला बसले होते. बायको वाढत होती. तिनं दाळ वाढली, लालाजी म्हणाले, "बस." कुत्रा बसला. तिनं पुन्हा पळी पुढे केली, लालाजी म्हणाले, "बस, बस." कुत्रा आणखी नीट बसला. नंतर आम्ही दुकानात आलो. एक गिऱ्हाईक कढईकडे बोट दाखवून म्हणालं, "ये कैसे दी?" कुत्रा उठून त्याच्यापाशी गेला. दुसऱ्यानं विचारलं, "और ये?" कुत्रा त्याच्याकडे गेला. सकाळपासून तो असा एकेका गिऱ्हाइकाची भेट घेत होता. काही लोक घाबरून निघून जात, आणि काही हल्ली नुसतं त्याला बघायला म्हणून येत.

लालाजींनी आत्याला बाजूला घेऊन विचारलं की बहनजी, याच्यात कुणाचा आत्मा तर नाही ना. आत्यानं आपल्या मुख्याध्यापिकेच्या हिंदीत त्यांना खुलासा केला. हा कुत्रा मराठी घरात वाढला आहे. मराठीत 'बस' म्हणजे 'बैठ' आणि 'ये' म्हणजे 'आ'. तो बिचारा तुमचा प्रत्येक हुकूम पाळतो आहे. लालाजींनी हे समजून घेतलं आणि मग चिंतेत पडले. दिवसातून किती वेळा आपण 'ये' म्हणतो याचा ते विचार करत असावेत. कुत्र्याला हिंदी शिकवता येईल, असं आत्या सुचवू लागली. तेवढ्यात लालाजींची बायको म्हणाली, "इसे क्या सिखाना, ये तो बच्चा है." कुत्रा उठून तिच्याकडे गेला आणि त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. प्रश्न तिथंच मिटला. परत येताना आत्या मला म्हणाली की त्या दिवशी माझ्या मांडीवर आला तो तुझ्या मराठीमुळे.

पण आमचा खरा घाम काढला तो एका साहेबांच्या कुत्र्यानं. हे साहेब म्हणजे वडिलांच्या खात्याचे प्रमुख. त्यांचं क्वार्टर थाटीपूरच्या टोकाला होतं. कुत्रा मोठा, काळा, लांब कानांचा, निम्मा विलायती. वडील त्याच्याबद्दल बोलताना नकळत आदरार्थी बोलत. "ते जेवले का?" असं विचारत. आत्यानं एकदा 'ते' म्हणजे कोण असं विचारल्यावर ते ओशाळले, पण सवय गेली नाही.

हा कुत्रा मागच्या सीटवर बसायला तयार होईना. साहेबांच्या गाडीत तो पुढे बसत असणार. त्यानं पुढचं दार उघडं बघितलं आणि आत्याच्या जागेवर जाऊन बसला, समोर रस्त्याकडे बघत. दोरी ओढून झाली, पोळी दाखवून झाली, आत्यानं शाळेतला आवाज लावून झाला. अखेर आत्याच मागे पोत्यावर बसली, छत्री घेऊन, तोंड फिरवून. आम्ही तसेच शहरातून आलो. गल्लीच्या तोंडाशी वडील उभे होते. पुढच्या सीटवर ताठ बसलेली ती काळी आकृती बघून त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मागे बसलेल्या बहिणीकडे त्यांचं लक्ष नंतर गेलं.

कंपूत रिसालदारांनी त्याला एक-दोन मराठी हुकूम दिले. तो ढिम्म. मग त्यांनी फौजेतला आवाज काढून "हॉल्ट" म्हटलं. कुत्रा जागच्या जागी उभा. "सिट" म्हटलं, बसला. रिसालदारांचा चेहरा उजळला. विलीनीकरणानंतर आपलं कुणी इतकं ऐकलं नव्हतं, असं त्यांनीच आत्याला सांगितलं. घरात सून होती, मुलगा होता, पण ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यात कुत्रा नव्हता. आम्ही शोधत थाटीपूरला गेलो. तो साहेबांच्या बंद दारासमोर, पायपुसण्यावर, कुलपाकडे तोंड करून बसला होता. त्याला गाडीत घातलं, म्हणजे पुढे, आणि कंपूत परत आणलं. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. रिसालदारांनी दार लावलं, त्यानं भिंतीवरून उडी मारली. मुरारच्या एका प्राध्यापकांकडे दिला, तिथूनही तो थाटीपूरलाच गेला. रोज सकाळी हँडल मारायचं आणि त्याला आणायला जायचं, हा माझा नेमच झाला. रिसालदारांच्या घरच्यांनी तो पळपुटा आहे असं म्हटलं, तेव्हा रिसालदार त्यांच्यावर रागावले. ते म्हणाले, "पोस्ट सोडून जातो तो पळपुटा. हा रोज पोस्टवर जातोय."

मग एका सकाळी आम्ही गेलो तर कुलूप नव्हतं. व्हरांड्यात ट्रंका, वळकट्या, पितळी हंडा. कुत्रा पायपुसण्यावरच होता. दाराच्या आतल्या बाजूला एक बाई उभी होती, माझ्याहून थोडी मोठी, हातात रिकामी बादली. ती आम्हाला बघून म्हणाली, "तुमचा आहे का जी हा? सकाळपासून दारात बसून राहिला. मला पाण्याला जाता येऊन नाही राहिलं."

ती नागपूरची. नागपूरचीही राजधानी गेली होती. तिथलं एक ऑफिस उचलून ग्वाल्हेरला आणलं होतं आणि त्यात तिचा नवरा. तो पहाटे सामान टाकून हजर व्हायला गेला होता. तिनं अख्ख्या प्रवासात डोळ्याला पदर लावला होता हे चेहऱ्यावरून दिसत होतं. आत्यानं तिला समजावून सांगितलं की कुत्रा चावत नाही, त्याला फक्त हे घर आपलं आहे असं वाटतं.

तिनं बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "मग बरोबरच आहे त्याचं. पाहुणे आम्हीच झालो."

तिनं आत जाऊन प्रवासातली उरलेली पोळी आणली, तिला तूप-साखर लावली आणि उंबऱ्यातून पुढे केली. कुत्र्यानं ती सावकाश खाल्ली. मग उठला, पायपुसण्यावरून बाजूला झाला आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. ती बादली घेऊन नळावर गेली. तो मागून गेला आणि तिच्याबरोबर परत आला.

आत्यानं व्हरांड्यातल्या ट्रंकेवर बसून तिथल्या तिथं स्थळाची चौकशी केली. दिवसभर घरी कोण असतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, माझ्याशिवाय कोणी नाही. बोलायला पण कोणी नाही. आत्या म्हणाली, "मग दोघांचंही होईल." आणि त्यानंतर त्या दोघी मराठीवर घसरल्या. 'येऊन नाही राहिलं' हे हिंदी वळण आहे, असं आत्याचं म्हणणं. आम्ही भाजीला 'सब्जी' म्हणतो हे ऐकून नागपूरची बाई हसायला लागली. त्या घरात ती पहिल्यांदाच हसत असावी. मी मधे पडून दोघींना "अरे छोडो ना आत्या" म्हणाले, आणि मग दोघींनी मिळून मला धरलं.

दुसऱ्या दिवशी रिसालदार सायकलवरून आले. कुत्र्याची दोरी आणि पितळी वाडगा त्यांनी रीतसर तिच्या स्वाधीन केला. त्याला इंग्रजीत काय काय कळतं ते शिकवलं. ती "सिट" म्हणायची तेव्हा तो बसायचा, आणि 'बस जरा तिथं' म्हटलं तरी काही दिवसांनी बसायला लागला. रिसालदार दर रविवारी पाहणीला येत, व्हरांड्यात चहा घेत आणि सगळं ठीक आहे असं सांगून जात. कुत्रा पुन्हा कुठं पळाला नाही.

होळी होऊन गेल्यावर एक दिवस साहेब आमच्या दारात उभे राहिले. साहेब आपल्या घरी आले, या धक्क्यानं वडील स्वतःच्या बैठकीत उभेच राहिले. साहेबांनी बसा म्हटलं तेव्हा बसले. साहेबांना भोपाळला आता बंगला मिळाला होता आणि ते कुत्र्याला न्यायला आले होते. तो तुमच्याकडे आहे असं ऐकलं, असं ते म्हणाले. वडील म्हणाले हो, हो, अर्थातच, आत्ताच बोलावतो त्यांना. तेवढ्यात आत्या हात पुसत बाहेर आली आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

ती कशी बसली त्यावरूनच मला कळलं की आता चौकशी होणार. वडिलांनाही कळलं. ते तिच्या पाठीमागून मला डोळ्यांनी काहीतरी कर असं सांगत होते. आत्यानं विचारलं, दिवसा बंगल्यावर कोण असतं. साहेब म्हणाले, आपण ऑफिसात, मुलं शाळेच्या वसतिगृहात, बाईंचं महिला मंडळ. पण नोकर आहेत. तो झोपेल कुठं. मागच्या व्हरांड्यात. त्याला फिरवायला कोण नेईल. साहेब पूर्वी दुसऱ्यांची अशी चौकशी करत आले होते. स्वतः उत्तरं देताना ते खुर्चीत हळूहळू पुढे सरकत गेले. शेवटी आत्यानं विचारलं, "जाताना त्याला काय सांगून गेलात?"

साहेब आता खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. मग म्हणाले, "वेट. वेट म्हणालो होतो. वाटलं, आठवड्याभरात येऊन घेऊन जाऊ."

आत्या खुर्चीवरून उठली. मी गाडी काढली. वडीलही बरोबर निघाले.

थाटीपूरला कुत्र्यानं साहेबांना लांबूनच ओळखलं. तो धावत आला, दोन्ही पाय त्यांच्या छातीवर टाकले, गोल गोल फिरला, घशातून लहान पोरासारखे आवाज काढले. साहेबांचा कोट मातीनं भरला, त्यांनी झटकला नाही. नागपूरची बाई दारात उभी होती. तिनं आत जाऊन पितळी वाडगा घासून आणला आणि फडक्यात बांधायला घेतला. गाठ तिनं दोनदा सोडून पुन्हा बांधली. आत्या तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

साहेब गाडीकडे आले, पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, "कम." कुत्रा त्यांच्यामागे गाडीपर्यंत आला. पुढचे पाय आत टाकले. मग थांबला, वळून दाराकडे बघितलं, पाय काढून घेतले आणि चालत परत जाऊन पायपुसण्यावर आडवा झाला. या वेळी त्याचं तोंड रस्त्याकडे होतं. साहेबांनी पुन्हा हाक मारली. त्यानं शेपटी जमिनीवर आपटली, पण उठला नाही. तिसऱ्यांदा साहेबांनी हाक मारली नाही.

"त्यानं वाट बघितली होती," ते वडिलांना म्हणाले. "मलाच उशीर झाला."

वडिलांना साहेबांचं काही चुकलं असं मान्य करायची सवय नव्हती, त्यामुळे ते नुसते खोकले. साहेब व्हरांड्यात बसले. बाईनं चहा केला. हल्ली तो काय खातो, सकाळी उन्हात बसतो का, पावसाळ्यात त्याचे कान दुखतात ते बघावं लागेल, असं साहेब बोलत राहिले आणि ती सगळं लक्षात ठेवत गेली. मग तिनं भोपाळ कसं आहे ते विचारलं. चांगलं आहे, असं ते म्हणाले. त्यांनी ग्वाल्हेर कसं वाटतं ते विचारलं. चांगलं आहे, असं तीही म्हणाली. थोड्या वेळानं साहेब म्हणाले की तळं फार सुंदर आहे, पण अजून कुठल्या गल्लीतून कुठं निघतो ते कळत नाही. ती म्हणाली, मला पण नाही जी कळत, हाच पुढे चालतो आणि घरी आणतो.

चहा संपल्यावर आत्या साहेबांना म्हणाली की एक दुसरं स्थळ आहे, बघायचं असेल तर. आम्ही कंपूत गेलो. रिसालदारांच्या तबेल्यात एक मादी पिल्लू होतं. एक कान उभा, एक पडलेला, मागच्या पायानं लंगडं. ज्या ज्या घरी दिलं तिथल्या सगळ्या वहाणा त्यानं फाडल्या होत्या आणि प्रत्येक घरानं ते परत पाठवलं होतं. रिसालदारांनी साहेबांना सलाम केला. पिल्लू लंगडत आलं, साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटाची नाडी तोंडात धरली आणि मागे मागे ओढू लागलं. साहेबांनी वाकून ती सोडवायचा प्रयत्न केला, तर त्यानं दुसऱ्या बुटाची धरली.

आत्या म्हणाली, "हिला भोपाळ चालेल. हिचं इथं अजून काहीच नाही."

साहेब हसले. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि वडिलांच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांनीही पाहिलं नसावं. रिसालदारांनी आंब्याची एक जुनी करंडी आणली, तळाशी पोतं घातलं, वर झाकण बांधलं. स्टेशनवर साहेबांनी ती करंडी हमालाला दिली नाही, स्वतः उचलून डब्यात चढले.

पुढच्या वर्षी मला आत्याच्याच शाळेत नोकरी लागली. गाडीनं काही महिन्यांत अंग टाकलं आणि ती कुठेशी गेली, पण आत्या टांगा करून स्थळं बघत राहिली. टांगेवाले कुत्रा घ्यायला तयार नसत. पण त्यांतले तीन-चार जण तिच्या विद्यार्थिनींचे नवरे होते, त्यांचा इलाज नव्हता. रिसालदारांचा तबेला पुन्हा कधी रिकामा पडला नाही. नागपूरचं कुटुंब ग्वाल्हेरलाच राहिलं आणि तो काळा कुत्रा त्यांच्याकडे म्हातारा होऊन गेला. त्या बाईशी माझी मैत्री अजून आहे. तिच्या मराठीत आता आमची सब्जी आली आहे आणि माझ्या मराठीत 'का'च्या जागी तिचं 'काहून'.

साहेब एकदा कुणाच्या तरी लग्नाला ग्वाल्हेरला आले होते. मांडवात वडील भेटले तेव्हा त्यांनी पिल्लाची हकिकत सांगितली. झाशी यायच्या आत करंडी फाडून ते बाहेर आलं होतं, आणि डब्यातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची टोपी त्यानं चघळून ठेवली होती. हा अधिकारी साहेबांच्या वरचा. वडिलांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि झाल्या प्रकाराबद्दल साहेबांची मनापासून माफी मागितली.